मागणीपासून दारापर्यंत : आदिवासी आरोग्यहक्काच्या मोहिमेचं मूल्यमापन कसं करावं

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात नॉर्वे हाउस क्री नेशन या आदिवासी समाजात १९९९ साली जॉर्डन रिव्हर अँडरसन नावाचा मुलगा जन्मला. आजार गुंतागुंतीचा होता, त्यामुळे जन्मापासून तो घरापासून लांब, विनिपेगच्या रुग्णालयात राहिला. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता याला रुग्णालयाबाहेर नेता येईल. पण घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्र सरकारने करायचा की प्रांताने, यावर दोन्ही सरकारांचं एकमत होईना. वाद चालू असतानाच, २००५ साली, पाच वर्षांचा जॉर्डन रुग्णालयातच गेला. घरात त्याची एक रात्रही गेली नाही.

त्याच्या समाजाने आणि आदिवासी मुलांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी प्रश्न लावून धरला. डिसेंबर २००७ मध्ये कॅनडाच्या संसदेने एकमुखाने ठराव केला: आदिवासी मुलाला सेवा आधी द्यायची, बिल कुणाचं ते नंतर ठरवायचं. या तत्त्वाला जॉर्डनचंच नाव मिळालं.

समजा, जानेवारी २००८ मध्ये कुणी या मोहिमेचं मूल्यमापन केलं असतं. त्याने 'पूर्ण यशस्वी' असा शेरा मारला असता आणि तो साफ चुकला असता. कारण सरकारने या तत्त्वाची व्याख्या इतकी अरुंद केली की वर्षानुवर्षं तिच्यात जवळजवळ कुठलंच मूल बसेना. जानेवारी २०१६ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणाने हा भेदभाव असल्याचा निकाल दिला, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं.

आदिवासी आरोग्यहक्काच्या मोहिमेकडे बघताना मी हीच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवतो. मागणी निघाली तिथपासून ती कुणाच्या तरी घराच्या दारापर्यंत पोचली का, आणि वाटेत कुठे अडली, एवढं नीट सांगता आलं तर मूल्यमापन झालं. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. कार्यकर्ता, छोटी संस्था, विद्यार्थी, समाजाची समिती, कुणालाही त्या वापरता येतील.

पहिली पायरी : मूल्यमापन कुणाला हवंय ते विचारा

बहुतेक वेळा मूल्यमापन हवं असतं ते पैसे देणाऱ्याला. त्यात गैर काही नाही, पण मग प्रश्नही त्याचेच येतात: किती बैठका झाल्या, किती लोक आले, किती पत्रकं वाटली. समाजाला जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच. इतकी वर्षं चाललो, त्यातून काय हाती लागलं? पुढे याच वाटेने जायचं की वाट बदलायची? दोन्हीकडचे प्रश्न वेगवेगळ्या कागदांवर लिहा आणि समाजाचा कागद वर ठेवा. समाजाच्या बैठकीत मूल्यमापन नकोच असं ठरलं, तर थांबायचं. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं पूर्वसंमतीचं तत्त्व आपल्यालाही लागू आहे.

इथे घाई केली की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत घडलं. ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई समाजात मधुमेह फार होता. १९९० च्या दशकात ॲरिझोना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यासाठी लोकांचं रक्त घेतलं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनियाच्या आणि समाजाच्या मूळ स्थलांतराच्या अभ्यासालाही वापरले गेले. लोकांना याची कल्पनाच नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१० मध्ये तडजोड झाली: ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत. रक्त परत मिळालं, विश्वास तसा परत मिळत नाही.

म्हणून काम सुरू करण्याआधी एक पानाचा करार करा आणि तो लोकांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा. कॅनडातल्या आदिवासी समाजांनी १९९८ पासून माहितीबद्दल चार शब्द धरून ठेवले आहेत: मालकी, नियंत्रण, पाहण्याचा हक्क आणि ताबा. तुमच्या करारात या चारही गोष्टींची उत्तरं हवीत. मुलाखतींच्या ध्वनिफिती कुणाच्या कपाटात राहतील, इतकं बारीक लिहा. औषधी वनस्पतींचं ज्ञान, उपचाराचे विधी यांतलं काय छापायचं नाही, तेही आधीच ठरवा. संमती दोन पातळ्यांवर लागते, समाजाची आणि प्रत्येक माणसाची. समाजाने हो म्हटलं तरी एखाद्या बाईला बोलायचं नसेल, तर तिचं नाही म्हणजे नाहीच.

मूल्यमापन करणाऱ्या गटात निम्मे तरी लोक त्या समाजातले असावेत, तेही फक्त वाट दाखवायला आणि दुभाषी म्हणून नव्हे. प्रश्न ठरवताना आणि निष्कर्ष काढताना ते बरोबरीने बसले पाहिजेत. मानधन सगळ्यांना सारखंच.

दुसरी पायरी : मागणी तिच्याच शब्दांत लिहून काढा

मोहीम जुनी झाली की तिची मागणी आठवणीत बदलत जाते. जे मिळालं तेच आपण मागितलं होतं, असं हळूहळू सगळ्यांना वाटायला लागतं. म्हणून सुरुवातीची निवेदनं, पत्रकं, सभेची इतिवृत्तं, भिंतीवरच्या घोषणांचे फोटो गोळा करा. पहिल्या सभेला असलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, 'तेव्हा नेमकं काय मागितलं होतं?' उत्तर आलं तसंच उतरवा, त्याला अहवालाच्या भाषेचा मुलामा नको.

मग मागण्या वेगळ्या करा. काही सेवेच्या असतात: डॉक्टर हवा, औषध हवं, रुग्णवाहिका हवी. काही वागणुकीच्या असतात: आमच्याशी नीट बोला, आमच्या भाषेत बोला. काही आजाराच्या मुळाशी जातात: नदीतलं विष थांबवा, जमीन परत द्या. आणि काही निर्णयाच्या असतात: आमचा दवाखाना आम्हाला चालवू द्या. सेवेच्या मागण्या मोजायला सोप्या, म्हणून मूल्यमापन तिथेच रेंगाळतं. माझ्या मते शेवटच्या दोन प्रकारांना जास्त वेळ द्यायला हवा. आरोग्याचे कार्यक्रम स्वतः ठरवण्याचा आणि आपल्या संस्थांमार्फत चालवण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या त्याच जाहीरनाम्याच्या २३ व्या कलमात आहे. आपल्या उपचारपद्धती टिकवण्याचा आणि भेदभावाशिवाय आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क २४ व्या कलमात आहे.

'निरोगी म्हणजे कसं?' हा प्रश्नही लोकांच्या भाषेत विचारा. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या १९८९ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्याचा अर्थ एकेका माणसाच्या शरीरापुरता ठेवलेला नाही. साऱ्या समाजाचं सामाजिक, भावनिक आणि सांस्कृतिक भलं त्यात धरलं आहे. अशी व्याख्या असलेल्या समाजाची मोहीम फक्त लसीकरणाच्या टक्केवारीवर तोलली, तर आपण तिची परीक्षा भलत्याच विषयात घेतली म्हणायची.

तिसरी पायरी : साखळी मांडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक मागणीसाठी एक लांब कागद घ्या आणि त्यावर डावीकडून उजवीकडे सात कड्या काढा: मागणी, आश्वासन, आदेश, पैसा, माणूस, सेवा, अनुभव. प्रत्येक कडीखाली दोनच गोष्टी लिहायच्या, तारीख आणि पुरावा.

आश्वासन कुणी, कधी, कुणासमोर दिलं? आदेश निघाला असेल तर त्याची प्रत कुठे आहे? त्यातली व्याख्या शब्द न् शब्द वाचा, कारण जॉर्डनच्या मोहिमेचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. पैसा मंजूर झाला, खात्यात आला आणि खर्च झाला, या तीन वेगळ्या तारखा असतात. माणूस नेमला गेला आणि तो प्रत्यक्ष रुजू झाला, यांतही अंतर असतं. सेवा किती दिवस चालू होती आणि किती दिवस बंद, हे दोन्ही लिहा. शेवटी अनुभव: ज्याच्यासाठी हे सगळं झालं, तो माणूस काय म्हणतो?

कागद भरत आला की मोहिमेचा चेहरा दिसू लागतो. कुठे पहिल्या तीन कड्या भराभर जोडल्या गेलेल्या दिसतील आणि मग चार वर्षं काहीच नसेल. कुठे आदेश नसतानाही एखाद्या भल्या परिचारिकेमुळे सेवा मिळत असेल. तिची बदली झाली की ती सेवा जाणार, म्हणून त्या कडीभोवती वेगळ्या रंगाने वर्तुळ करा. दोन तारखांमधलं अंतर हाच एक निष्कर्ष असतो. मंजुरीनंतर माणूस रुजू व्हायला तीन वर्षं लागली असतील, तर पुढच्या मोहिमेने कुठे रेटा लावायचा हे त्यातूनच कळतं.

चौथी पायरी : आकडा वापरताना थांबून विचार करा

आकड्याला लोक मान देतात. म्हणूनच तो जपून वापरायला हवा.

लोकसंख्या लहान असली की दर उड्या मारतात. हे हिशेब करूनच पाहा. दोन हजार लोकवस्ती आहे, वर्षाला चाळीस बाळं जन्मतात. एका वर्षी दोन बाळं दगावली, तर बालमृत्युदर हजारी पन्नास. पुढच्या वर्षी एकच दगावलं, तर हजारी पंचवीस. 'मोहिमेमुळे बालमृत्यू निम्म्यावर' असा मथळा सहज तयार होतो, पण प्रत्यक्षात फरक एका बाळाचा आहे आणि तो निव्वळ योगायोग असू शकतो. अशा ठिकाणी पाच वर्षांची बेरीज करा, शेजारच्या वस्त्यांचे आकडे एकत्र घ्या किंवा सरळ प्रत्येक मृत्यूची गोष्ट लिहा: ताप कधी आला, कुणाकडे नेलं, वाहन कधी मिळालं, उशीर नेमका कुठे झाला. एका मृत्यूची अशी नीट केलेली नोंद दहा टक्केवाऱ्यांपेक्षा जास्त शिकवते.

मोजण्याची पद्धत बदलली तरी आकडा बदलतो. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये आदिवासी आणि इतरांच्या आयुर्मानातली दरी बुजवण्यासाठी मोठी मोहीम सुरू झाली. तेव्हा सगळीकडे १७ वर्षांच्या दरीचा आकडा सांगितला जायचा. २००९ मध्ये तिथल्या सांख्यिकी विभागाने नव्या पद्धतीने हिशेब केला आणि २००५ ते २००७ या काळासाठी दरी पुरुषांत ११.५ वर्षं आणि बायकांत ९.७ वर्षं अशी आली. यात कुणाचंही आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नव्हतं. दोन काळांची तुलना करण्याआधी दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, ते पाहा. आणि 'आदिवासी' अशी नोंद कोण करतं, हेही. कुठे माणसाला विचारून लिहितात, कुठे चेहरा पाहून, कुठे लिहीतच नाहीत.

आणखी एक गोष्ट नवख्याला चकवते. दवाखाना सुरू झाला की आजारांची संख्या वाढलेली दिसते. क्षयाचे रोगी दुप्पट झाले याचा अर्थ बहुधा असा, की आधी जे घरातच खोकत होते त्यांची आता तपासणी होते आहे. ही वाढ मोहिमेच्या बाजूने मोजायची की विरुद्ध, हे आकडे हाती येण्याआधीच गटात ठरवून लिहून ठेवा.

काळाचा विचारही हवा. कॅनडातल्या ग्रासी नॅरोज या समाजाच्या वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ टन पारा नदीत सोडला. माशांतून तो लोकांच्या अंगात गेला, आणि त्याचे परिणाम ती माणसं आजही भोगताहेत. अशा ठिकाणी तीन वर्षांत आजार किती कमी झाला, हा प्रश्नच गैरलागू आहे. तिथे साखळीतल्या कड्या मोजाव्या लागतात: साफसफाईचा निधी, उपचारकेंद्र, भरपाईचे नियम.

पाचवी पायरी : स्वतः जाऊन पाहा

आरोग्यसेवा चार कसोट्यांवर पाहण्याची रीत आहे: ती आहे का, तिथवर पोचता येतं का, ती लोकांना आपली वाटते का, आणि तिचा दर्जा बरा आहे का. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००० साली आरोग्यहक्काचा अर्थ लावताना या कसोट्या सांगितल्या. पहिल्या दोन कागदांवरून बऱ्याच कळतात, तिसरीसाठी मात्र उठून जावं लागतं. विनिपेगमध्येच २००८ साली एक आदिवासी माणूस व्हीलचेअरवरून रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आला. चौतीस तास तो तिथेच बसून होता आणि बसल्या जागीच मरण पावला. आजार बरा होण्यासारखा होता. हा नशेत असेल, याला राहायला जागा नसेल, असं तिथल्या काही जणांनी धरून चाललं होतं. सेवा होती, तो तिथवर पोचलाही होता. म्हणून तिसऱ्या कसोटीचा प्रश्न मी कधीच गाळत नाही: 'तिथे तुमच्याशी कसं बोलले?'

दवाखान्यातली नोंदवही हातात घ्या. नुसती बेरीज बघू नका, वहीकडे बघा. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच लपेटीत असतील, तर त्या एका बैठकीत लिहिल्या असण्याची शक्यता आहे. पुराने रस्ता बंद होता त्या तारखांना किती रोगी लिहिलेत? औषधाच्या रकान्यात रोज तीच गोळी आहे का? आता कपाट उघडायला सांगा आणि वहीतला साठा डब्यांशी जुळवून पाहा. हे तपासनिसाच्या आवाजात करायचं नाही. शेजारी बसून, चहा घेत, 'मला समजावून सांगा' म्हणत करायचं. अपुऱ्या साधनांत राबणारा कर्मचारी बहुतेक वेळा स्वतःच खरं सांगतो. त्याचं नाव अहवालात येता कामा नये.

मग शेवटच्या घरापासून दवाखान्यापर्यंत चालत जा, शक्यतो एखाद्या बाळंतीण झालेल्या बाईबरोबर, ती गेली होती त्याच वाटेने. घड्याळ लावा. ओढा कुठे लागतो, वाहन कुठे मिळतं, कुठे थांबावं लागतं, ते टिपत जा. नकाशावरचे सात किलोमीटर म्हणजे काय, ते पायांना कळतं.

मुलाखती घेताना बायकांशी वेगळं बोला, तरुणांशी वेगळं, आणि मोहिमेत कधीच न आलेल्यांशी मुद्दाम जाऊन बोला. या शेवटच्या लोकांना सगळेच विसरतात. सभेला का आला नाहीत, असं विचारलं की मोहिमेबद्दल सगळ्यात खरी माहिती तिथे मिळते. कधी कळतं की सभा नेहमी एकाच वाडीत होत असे. कधी कळतं की एका कुळाचेच लोक बोलत, बाकीचे ऐकत.

सहावी पायरी : श्रेय वाटून द्या

दवाखाना आला. पण तो मोहिमेमुळे आला की निवडणुकीमुळे, की कुणा अधिकाऱ्याच्या पुढाकारामुळे? सामाजिक बदलात एकच कारण सापडत नाही. तेव्हा उलट्या दिशेने जा. झालेला बदल आधी पक्का करा, मग त्याच्या सगळ्या शक्य कारणांची यादी करा, आणि प्रत्येक कारणाच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा समोरासमोर मांडा. आदेशाच्या मसुद्यात मोहिमेच्या निवेदनातली वाक्यं आली आहेत का? बैठक आणि निर्णय यांच्या तारखा कशा लागतात? मोहीम नसलेल्या शेजारच्या भागातही तेच झालं का? ज्याने निर्णय घेतला त्यालाही विचारा. 'मोहिमेचा हातभार मोठा होता, पण एकटीचा नव्हता' असं लिहिलं तर अहवाल कमजोर होत नाही, उलट त्यावर विश्वास बसतो.

सातवी पायरी : निर्णय कुणाच्या हातात गेला?

सिडनीच्या रेडफर्न भागात १९७१ साली आदिवासींनी स्वतःचं वैद्यकीय केंद्र उभं केलं. समाजाच्याच ताब्यातलं तसं ते ऑस्ट्रेलियातलं पहिलं केंद्र. त्याच्या मागोमाग देशभर अशी केंद्रं निघाली. २०२० मध्ये दरी बुजवण्याचा नवा राष्ट्रीय करार झाला तेव्हा सही करणारं फक्त सरकार नव्हतं, समोरच्या बाजूला आदिवासींच्या ५० हून अधिक संघटनांची आघाडी होती. पहिल्या करारात ती जागा नव्हती. अशी जागा मिळणं हाही निकाल आहे आणि तो मोजता येतो. समितीत समाजाचे किती जण आहेत, त्यांना मत आहे की नुसती खुर्ची, अंदाजपत्रकावर सही कुणाची, डॉक्टर नेमताना आणि काढताना कुणाला विचारतात? मागच्या वर्षभरात समाजाच्या सदस्यांनी 'नाही' म्हटल्यामुळे बदललेला एक तरी निर्णय दाखवता येतो का, ही कसोटी मला सगळ्यात भरवशाची वाटते.

टिकाऊपणही याच पायरीवर तपासा. न्यूझीलंडमध्ये माओरी समाजाच्या दीर्घ प्रयत्नांनंतर जुलै २०२२ मध्ये माओरी आरोग्य प्राधिकरण सुरू झालं. सरकार बदललं आणि ३० जून २०२४ ला ते बंद झालं. दोनच वर्षं. म्हणून मिळालेल्या प्रत्येक गोष्टीपुढे लिहा: ही कायद्यात आहे, आदेशात आहे, की कुणाच्या मर्जीवर? काढून घ्यायची ठरवली तर किती सह्या लागतील?

मोहीम चालवणाऱ्यांनी काय सोसलं, तेही याच वेळी विचारा. बुडालेली मजुरी, अंगावर आलेले खटले, घरातली भांडणं, दोन-तीन बायकांवरच पडलेला सगळा भार. हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही, पण पुढच्या मोहिमेला माणसं उभी राहणार की नाही हे यावरच ठरतं.

आठवी पायरी : अहवाल आधी घरच्यांना

मसुदा तयार झाला की तो आधी समाजापुढे ठेवा, पैसे देणाऱ्यापुढे नंतर. छापील पानं वाटून भागत नाही. साखळीचा तो लांब कागद भिंतीवर लावा आणि एकेक कडी वाचून दाखवा. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. सुरुवातीच्या जिल्ह्यांत नंदुरबार, अमरावती आणि ठाणे हे मोठी आदिवासी वस्ती असलेले जिल्हेही होते. तिथे गावाच्या प्रगतिपुस्तकात सेवांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले जात आणि जनसुनवाईत ते अधिकाऱ्यांसमोर मांडले जात. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही लाल रंग कळतो आणि ती उभी राहून विचारते, 'हा लाल का?' तुमच्या साखळीतल्या कड्यांनाही असेच रंग द्या. रंग कुठला, यावर सभेत वाद झाला तर होऊ द्या. दोन्ही बाजू लिहा आणि अंतिम रंग लोकांना ठरवू द्या.

अपयश झाकू नका, पण ते कुणाच्या हाती पडेल याचा विचार करा. एखाद्या निष्कर्षाचा आधार घेऊन चालू सेवाच बंद केली जाण्याचा धोका असेल, तर त्याची मांडणी समाजाला विचारून करा. आकडा बदलायचा नाही, संदर्भ पूर्ण द्यायचा.

उठण्यापूर्वी सभेत तीन गोष्टी ठरवून घ्या. ज्या कडीवर लाल आहे तिच्यासाठी कोण, कुणाकडे, कधी जाणार. मूळ कागद, ध्वनिफिती आणि वह्या कुणाच्या घरी राहणार. आणि हाच कागद पुन्हा भिंतीवर लावून रंग तपासायची तारीख कोणती. ती तारीख कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा आणि कागद तिथेच, भिंतीवर राहू द्या.